स्वॅबचा ‘निगेटिव्ह’ अहवाल आणि वैद्याची जबाबदारी

पावसाळा सरत आला की डहाणू-तलासरी परिसरातील आपणा सर्वांच्या चिकित्सालयांत ज्वर, कास आणि प्रतिश्याय यांच्या रुग्णांची गर्दी होते. ही गर्दी नवीन नाही. परंतु २०२० नंतर या गर्दीत एक नवे वाक्य रूढ झाले आहे. रुग्ण खिशातून घडी घातलेला कागद काढतो आणि म्हणतो, “डॉक्टर, स्वॅब केला, निगेटिव्ह आला.” या एका वाक्याने रुग्ण निर्धास्त होतो, त्याचे नातेवाईक निर्धास्त होतात, आणि खरे सांगावयाचे तर आपल्यापैकी पुष्कळांची लेखणीही निर्धास्तपणे चालू लागते. ही निर्धास्तता कितपत रास्त आहे, आणि त्या कागदाचे नेमके मोल काय, याविषयीचे आमचे मत आम्ही व्यवसायबंधूंपुढे व फार्मसीचालकांपुढे प्रस्तुत लेखात मांडीत आहोत.

हे मत ग्रंथवाचनातून बनलेले नाही. एप्रिल २०२१ मधील एका रुग्णाने ते आम्हांस शिकविले. उधव्याच्या बाजूच्या एका पाड्यावर राहणारा, उंबरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामास जाणारा तिशीतला तरुण ज्वर व शुष्क कास घेऊन आमच्याकडे आला. ज्वराच्या पहिल्याच दिवशी एका शिबिरात त्याची अँटिजेन तपासणी झाली होती व ती निगेटिव्ह आली होती. आम्ही तो कागद पाहिला, जिव्हा पाहिली, नाडी पाहिली, आणि वात-कफज कास समजून त्रिभुवनकीर्ती, सितोपलादी व लघु आहार लिहून दिला. नमुना आजाराच्या कितव्या दिवशी घेतला हे आम्ही विचारले नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावला नाही. घरात वृद्ध कोण आहे, हेही विचारले नाही. सातव्या दिवशी त्याच्या भावाने त्यास मोटारसायकलवर मध्ये बसवून आणले, तेव्हा प्राणवायूचे प्रमाण ८२ होते. आम्ही त्यास तत्काळ रुग्णालयात धाडले. तेथेही घशातील पहिला नमुना निगेटिव्हच आला. परंतु तेथील डॉक्टरांनी कागदावर विसंबून न राहता लक्षणे व छातीचे चित्र पाहून उपचार सुरू ठेवले, आणि दोन दिवसांनी घेतलेला दुसरा नमुना पॉझिटिव्ह आला. तो तरुण वाचला. मात्र ‘निगेटिव्ह’ म्हणून ज्या घरात तो आठवडाभर सर्वांसोबत जेवला-झोपला, त्या घरातील त्याची आई वाचली नाही.

यात तपासणीचा दोष किती आणि आमचा किती, याचा हिशेब आम्ही पुष्कळदा मांडला. तपासणी जेवढे सांगू शकते तेवढेच तिने सांगितले होते. तिने न सांगितलेले आम्ही तिच्या तोंडी घातले, हा दोष आमचा.

तपासणी नेमके काय सांगते?

श्वसनमार्गातील विषाणूंसाठी सामान्यतः दोन प्रकारच्या तपासण्या होतात. आरटी-पीसीआर तपासणीत विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या असंख्य प्रती करून ते ओळखले जाते. अँटिजेन तपासणीत विषाणूचे प्रथिन थेट पट्टीवर ओळखले जाते. पहिलीस वेळ व प्रयोगशाळा लागते, दुसरी पंधरा ते तीस मिनिटांत होते. दोन्हींची अचूकता दोन अंगांनी मोजावी लागते. रोग असलेल्यांपैकी किती जणांना ती पकडते, ही तिची संवेदनशीलता. आणि रोग नसलेल्यांपैकी किती जणांना ती निर्दोष ठरविते, ही तिची विशिष्टता. सर्वसाधारण बोलण्यात ‘तपासणी नव्वद टक्के अचूक’ असे म्हटले जाते, तेव्हा या दोहोंपैकी कोणते अंग अभिप्रेत आहे हे कोणी सांगत नाही, आणि सारा घोटाळा तेथेच होतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, १४ जून २०२० रोजी देशात पहिल्या अँटिजेन संचास मान्यता दिली, तेव्हा आपल्या सूचनापत्रातच आकडे दिले होते. दोन स्वतंत्र मूल्यमापनांत त्या संचाची विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के, तर संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के आढळली होती. म्हणजे रोग असलेल्या शंभर जणांपैकी सोळापासून जवळजवळ पन्नासपर्यंत सुटून जाण्याची शक्यता मान्यतेच्या दिवशीच कागदावर होती. म्हणूनच लक्षणे असलेल्याची अँटिजेन तपासणी निगेटिव्ह आल्यास आरटी-पीसीआर केलीच पाहिजे, असे त्याच पत्रात बजाविले होते. या सूचनेचा पहिला अर्धा भाग गावोगावी पोचला. दुसरा अर्धा भाग वाटेत कोठेतरी राहिला.

पुढे जगभरच्या अभ्यासांचा जो एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात लक्षणे असलेल्यांत अँटिजेन तपासणीची सरासरी संवेदनशीलता ७३ टक्के व लक्षणे नसलेल्यांत सुमारे ५५ टक्के भरली. लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात ती सुमारे ८१ टक्के होती व दुसऱ्या आठवड्यात सुमारे ५४ टक्क्यांवर उतरली. इन्फ्लुएंझाच्या जलद तपासणीची कथाही निराळी नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित आढाव्यात तिची संवेदनशीलता सुमारे ६२ टक्के व विशिष्टता ९८ टक्के होती, आणि बालकांपेक्षा प्रौढांत ती आणखी कमी होती.

आरटी-पीसीआरही कालसापेक्ष आहे. २०२० मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात आलेल्या विश्लेषणानुसार, संसर्गानंतर पहिल्या दिवशी ही तपासणी जवळजवळ सर्वांनाच निगेटिव्ह ठरविते. लक्षणे सुरू होतात त्या दिवशी शंभरांतील सुमारे ३८ रुग्ण तिच्या हातून सुटतात. लक्षणांच्या तिसऱ्या दिवसाच्या सुमारास हे प्रमाण सर्वांत कमी म्हणजे सुमारे २० होते. आणि पुढे ते पुन्हा वाढत जाते. सर्वांत चांगल्या दिवशीही पाचांतील एक सुटतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. तो बहुधा आजाराच्या सातव्या-दहाव्या दिवशी तेथे पोचतो. तोवर नाक-घशातील विषाणू ओसरू लागलेला असतो व रोगाचे अधिष्ठान फुफ्फुसात गेलेले असते. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील २०५ रुग्णांच्या अभ्यासात, फुफ्फुसातून धुऊन काढलेल्या द्रवाचे ९३ टक्के नमुने पॉझिटिव्ह आले, थुंकीचे ७२ टक्के, नाकातील स्वॅबचे ६३ टक्के, आणि घशातील स्वॅबचे केवळ ३२ टक्के. रोग तोच, तपासणीचे तंत्र तेच; नमुना कोठून घेतला एवढाच भेद. हे केवळ कोविडपुरते खरे आहे असेही नव्हे. अमेरिकेतील लुईव्हिल शहरातील रुग्णालयांत दाखल प्रौढांच्या एका अभ्यासात, नाकातील स्वॅबला थुंकी, लाळ व रक्तरस यांच्या तपासणीची जोड दिल्यावर आरएसव्ही या विषाणूचे निदान जवळजवळ दुप्पट झाले. म्हणजे केवळ स्वॅबवर विसंबल्याने निम्मे रुग्ण ‘अन्य न्यूमोनिया’ म्हणून नोंदले गेले असते.

चरकाचार्यांची आठ कारणे

हे सारे आधुनिकांचे आकडे झाले; आपण आयुर्वेदाचे अभ्यासक आहोत, आपला यात काय संबंध, असे कोणी म्हणेल. आमच्या मते संबंध अगदी निकटचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात, जे प्रत्यक्ष दिसत नाही ते नाहीच असे म्हणणाऱ्यांना उत्तर देताना, असलेली वस्तूही न दिसण्याची आठ कारणे सांगितली आहेत. प्रथम वर्षात आपण सर्वांनी ती परीक्षेपुरती पाठ केली. स्वॅबच्या तपासणीस ती लावून पाहिली, तर निगेटिव्ह अहवालाची जवळजवळ संपूर्ण मीमांसा त्यांत सापडते.

वस्तू अतिदूर असणे, हे एक कारण. विषाणू फुफ्फुसात व काडी नाकात, ही स्थिती याच कारणात मोडते. दुसरे आवरण. नाकातील सूज व साचलेला श्लेष्मा यांमुळे काडी जेथे पोचावयास हवी तेथे पोचत नाही. नाकपुडीपासून कानापर्यंतच्या अंतराच्या मानाने ती आत जावी लागते, तेथे काही क्षण थांबून फिरवावी लागते, आणि रुग्ण ठसकला की घाबरून ती अर्ध्यावरच बाहेर काढली जाते. तिसरे करणाचे, म्हणजे साधनाचे, दौर्बल्य. चौथे मनाचे अनवधान: दिवसाच्या दोनशेव्या रुग्णाचा नमुना घेणारा थकलेला हात, चुकीची चिठ्ठी लागलेली नळी, वेळ टळून गेल्यावर वाचलेली पट्टी. पाचवे समान वस्तूंत मिसळून जाणे. कोविडची पट्टी केवळ कोविडच ओळखते. इन्फ्लुएंझा, आरएसव्ही, मेटान्यूमो विषाणू आणि राजयक्ष्मा हे सारे कासाच्याच वेशात येतात आणि ती पट्टी त्यांच्याविषयी मौन पाळते. सहावे अभिभव, म्हणजे प्रबळ वस्तूने दुर्बळ वस्तू झाकून टाकणे. सातवे अतिसूक्ष्मता: आजाराच्या अगदी आरंभी वा अगदी अखेरीस विषाणूची मात्रा साधनाच्या पकडीपेक्षा कमी असते. राहिले आठवे, अतिसमीपता; ते येथे ओढूनताणून बसविण्याचा आमचा आग्रह नाही.

यांतील अभिभवाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण आपल्या आदिवासी तालुक्यांस त्याचा फटका मोठा आहे. कोविडच्या पहिल्या वर्षात सर्वांचे लक्ष एकाच रोगावर खिळले. क्षयरोगाच्या निदानासाठी असलेली ट्रूनॅट व सीबीनॅट यंत्रे कोविडसाठीही वापरली गेली. देशात २०१९ मध्ये क्षयरोगाच्या २४.०४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, ती २०२० मध्ये १८.०५ लाखांवर आली. रोग एका वर्षात इतका घटला नव्हता; तो झाकला गेला होता. वीटभट्टीवरून परतलेला, वजन उतरलेला मजूर तीन आठवड्यांचा खोकला घेऊन येतो आणि “करोना निगेटिव्ह आहे” एवढ्यावर त्याची चौकशी संपते, तेव्हा याच अभिभवाची पुनरावृत्ती होत असते.

ग्रंथकारांना विषाणू माहीत होता असा दावा आम्ही येथे करीत नाही, आणि तसा दावा कोणी करू नये. त्यांना ज्ञानसाधनांच्या मर्यादा माहीत होत्या, एवढेच आमचे म्हणणे आहे. प्रत्यक्ष अपुरे पडते तेथे अनुमान आणि आप्तोपदेश यांची जोड द्यावी, ही त्यांची पद्धत होती. रुग्णालयातील ज्या डॉक्टरांनी निगेटिव्ह अहवाल हाती असताना लक्षणांवरून उपचार चालू ठेवले, ते विमानस्थानातील त्रिविध परीक्षेच्या मार्गानेच गेले. आम्ही मात्र त्या दिवशी त्या मार्गावरून ढळलो होतो.

आपल्या दोन तालुक्यांची परिस्थिती

साधनाचे दौर्बल्य म्हणताना स्थानिक परिस्थिती विसरून चालणार नाही. पहिल्या अँटिजेन संचाच्या सूचनापत्रात तो २ ते ३० अंश तापमानात ठेवावा असे होते, आणि काडी द्रावणात बुडविल्यानंतर एका तासाच्या आत तपासणी करावी असेही होते. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या छपराखालील खोलीत तापमान किती असते, हे आपणांस सांगावयास नको. आरटी-पीसीआरचा नमुना विशिष्ट द्रावणात, २ ते ८ अंश तापमानात ठेवून साधारणतः बहात्तर तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचावा लागतो. सायवनच्या आतील पाड्यांपासून वा तलासरीच्या पूर्वेकडील डोंगरपट्ट्यातून निघालेला नमुना वाहनाची वाट पाहात किती वेळ थांबला, बर्फ वाटेत वितळला की राहिला, याची नोंद अहवालाच्या कागदावर उमटत नाही.

डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या आवारात मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेचे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे, आणि कोविडकाळात तेथे नमुने तपासले जाऊ लागल्याने मुंबईपर्यंतचा प्रवास वाचला, ही या भागाची मोठीच सोय झाली. तरीही कासा, तलासरी वा धुंदलवाडीपासून डहाणूपर्यंतचे अंतर आणि पाड्यापासून डांबरी सडकेपर्यंतची पायवाट ही राहतेच.

दुसरी गोष्ट येथील माणसाच्या पोटाची आहे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे, सौराष्ट्राच्या बंदरांवर खलाशी म्हणून जाणारे तरुण, चिकूच्या वाड्यांत रोजंदारीने जाणाऱ्या स्त्रिया, वापी-उंबरगावचे कामगार, या सर्वांना पॉझिटिव्ह अहवाल म्हणजे बुडालेली मजुरी. सीमेवरचे आच्छाड नाके आपल्या दारातच आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने गुजरातमधून येणाऱ्यांसाठी, आणि एप्रिल २०२१ पासून गुजरातने इतर राज्यांतून येणाऱ्यांसाठी तपासणीचे नियम केले, तेव्हा निगेटिव्ह कागद हा परवानाच होऊन बसला. जो कागद परवाना होतो, तो मिळविण्यासाठी माणूस लक्षणे लपवितो, ज्वर उतरविणारी गोळी घेऊन रांगेत उभा राहतो, आणि पहिल्याच दिवशी घाईने तपासणी करून मोकळा होतो. ४ मे २०२१ रोजी आयसीएमआरनेच निरोगी प्रवाशांना आंतरराज्य प्रवासासाठी ही तपासणी सक्तीची ठेवण्याची गरज नाही असे सुचविले. परंतु लोकांच्या मनात ‘निगेटिव्ह म्हणजे मोकळा’ हे समीकरण त्यापूर्वीच रुजले होते व ते अद्याप गेलेले नाही.

थोडे गणित

निगेटिव्ह अहवालाचे मोल केवळ संचावर अवलंबून नसते, तर गावातील साथीवरही असते. समजा, साथ भरात आहे आणि ज्वर-कासाच्या शंभर रुग्णांपैकी खरोखर चाळीस जणांना तो रोग आहे. तपासणीची संवेदनशीलता ७० टक्के धरली, तर चाळिसांपैकी अठ्ठावीस सापडतील व बारा सुटतील. उरलेले साठ जण बहुतेक सर्व निगेटिव्ह येतील. म्हणजे सुमारे बहात्तर निगेटिव्ह कागदांत बारा रोगी दडलेले असतील. दर सहा निगेटिव्हमागे एक. त्या दिवशी आपल्या बाकावर बसलेल्या सहा निर्धास्त चेहऱ्यांपैकी तो एक कोणता, हे कागद सांगणार नाही.

याच्या उलट स्थितीही पाहावी. साथ ओसरली आहे, लक्षणे नसलेल्या हजार जणांची तपासणी केली, आणि त्यांत रोग असलेले पाचच आहेत. विशिष्टता ९९ टक्के असली, तरी उरलेल्या ९९५ निरोगी माणसांतील सुमारे दहा जण पॉझिटिव्ह येतील आणि खरे रोगी तीन किंवा चार सापडतील. अशा वेळी पॉझिटिव्ह कागदावरही आंधळा विश्वास टाकता येत नाही. तात्पर्य, तपासणीपूर्वी वैद्याच्या मनात जो संशय असतो, त्याच्या तराजूत अहवाल तोलावा लागतो. तो संशय किती बळकट हे ठरविणे म्हणजेच निदानपंचकाचा अभ्यास. हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ती यांचा विचार करूनच तो ठरतो. तपासणीने वैद्याची बुद्धी अनावश्यक केलेली नाही, उलट तिचे काम वाढविले आहे.

या युक्तिवादाचा दुरुपयोग नको

येथवर वाचून कोणी बंधू म्हणतील, ‘पाहा, या तपासण्या निरुपयोगीच आहेत, आपली नाडीपरीक्षा बरी.’ हा निष्कर्ष आम्हांस सर्वथा अमान्य आहे, आणि तो टाळण्यासाठीच हा परिच्छेद लिहीत आहोत. स्वॅब तपासणीची मर्यादा आपणांस टक्केवारीत सांगता येते, कारण तिच्या पुरस्कर्त्यांनी ती मोजली व छापली. आपल्या नाडीपरीक्षेची संवेदनशीलता किती? दोन अनुभवी वैद्यांनी एकाच रुग्णाची नाडी स्वतंत्रपणे पाहिली, तर किती वेळा त्यांचे मत जुळते? आपल्या परिसरात आपण हे मोजलेले नाही. ज्याने आपले माप घेतले आहे त्याची उणीव दाखवून, ज्याने घेतलेले नाही त्याने मोठेपणा मिरविणे शोभत नाही. लक्षणे असलेल्या रुग्णाचा पॉझिटिव्ह अहवाल तर बहुतांशी विश्वसनीयच असतो. तो नाकारून रुग्णास ‘साधा कफ आहे’ असे सांगणे हा अपराध आहे.

दुसरा दुरुपयोग व्यापाराचा. निगेटिव्ह अहवाल हाती असलेल्या रुग्णास चार दिवस काढा देऊन तो बरा झाला, की ‘आमच्या काढ्याने करोना गेला’ अशी जाहिरात करण्याचे प्रकार त्या काळात घडले. निदानच निश्चित नसताना चिकित्सेचे यश कशाच्या आधारावर सांगणार? आयुष मंत्रालयाने १ एप्रिल २०२० रोजीच अशा दाव्यांच्या जाहिराती थांबविण्याचा आदेश काढला होता, आणि आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा तर जुनाच आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये मंत्रालयाने आयुर्वेद व योग यांवर आधारित चिकित्सापद्धती प्रसिद्ध केली, तिनेही रोगाच्या अवस्थेनुसार मर्यादा आखून दिल्या होत्या. मर्यादा पाळणारे शास्त्रच समाजात टिकते.

तिसरी गोष्ट, तपासणीचा अहवाल येईपर्यंत चिकित्सा थांबविणे, हाही दोषच. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू नोंदला गेला आणि नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. त्या साथीत केंद्र सरकारने रुग्णांचे अ, ब, क असे वर्ग पाडले. सौम्य लक्षणांच्या रुग्णास तपासणीची गरज नाही, जोखमीच्या रुग्णास तपासणीविनाही औषध द्यावे, आणि धाप, छातीत दुखणे, ग्लानी, थुंकीत रक्त, नखे निळसर होणे अशी लक्षणे दिसल्यास तत्काळ दाखल करून तपासणी करावी, असे ते धोरण होते. रुग्णाची अवस्था प्रथम व कागद नंतर, हा क्रम त्यात होता. अकरा वर्षांनी आलेल्या मोठ्या साथीत सामान्य व्यवहारात तो क्रम उलटा झाला, हे आपण सर्वांनी पाहिले.

काय करावे?

केवळ मीमांसा करून थांबणे आम्हांस योग्य वाटत नाही. आमच्या चिकित्सालयात त्या एप्रिलनंतर आम्ही काही नियम पाळीत आलो आहोत. ते व्यवसायबंधूंच्या विचारार्थ येथे ठेवतो.

पहिला नियम: केसपेपरवर केवळ ‘स्वॅब निगेटिव्ह’ असे लिहू नये. कोणती तपासणी, नमुना कोठून, आणि आजाराच्या कितव्या दिवशी, या तीन गोष्टी लिहाव्यात. ‘अँटिजेन, नाक, पहिला दिवस, निगेटिव्ह’ असे लिहिले की त्या निगेटिव्हचे वजन वाचणाऱ्यास आपोआप कळते. 

दुसरा: ज्वर-कासाच्या प्रत्येक रुग्णाचे श्वसन पूर्ण एक मिनिट मोजावे व ऑक्सिमीटर लावावा, आधी बसलेल्या स्थितीत, आणि शंका असल्यास थोडे चालवून पुन्हा. चालल्यावर प्रमाण घसरत असेल, तर अहवाल काहीही असो, रुग्णास रुग्णालयात पाठवावे. थंडगार हात, नखांवरील रंग व मेंदी यांमुळे ऑक्सिमीटरही फसतो, हेही ध्यानी असावे.

तिसरा: लक्षणे असून अहवाल निगेटिव्ह असेल, तर एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासणीचा सल्ला द्यावा, आणि तोवर रुग्णाने रोग आहे असे समजूनच घरात वागावे. एका खोलीच्या झोपडीत विलगीकरण म्हणणे सोपे व करणे अवघड, हे आम्ही जाणतो. तेथे निदान वृद्धांचे व तान्ह्या बालकांचे अंथरूण वेगळे करावे, ओटीवर झोपावे, तोंडावर फडके असावे, एवढे तरी साधतेच.

चौथा: दोन आठवड्यांहून अधिक खोकला, वजन उतरणे, सायंकाळचा ज्वर यांपैकी काहीही असल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती शासकीय केंद्रांत विनामूल्य होते.

पाचवा: रुग्णालयात पाठविताना चिठ्ठीत आपण दिलेली औषधे स्पष्ट लिहावीत. रसकल्प दिला असल्यास तोही लिहावा, लपवू नये. आणि रुग्णालयाचा पहिला अहवाल निगेटिव्ह आला, तरी ‘संशय कायम आहे’ असे लिहिण्यास संकोच करू नये. थुंकी अथवा फुफ्फुसातील नमुना घ्यावयाचा की नाही हा निर्णय तेथील डॉक्टरांचा. परंतु आजाराचा दिवस व घरातील इतर आजारी माणसे यांची माहिती त्यांना आपणच देऊ शकतो. नवसंजीवनी योजनेच्या भरारी पथकांतून व प्राथमिक आरोग्य केंद्रांतून आपले अनेक पदवीधर बंधू-भगिनी या तालुक्यांत काम करीत आहेत. त्यांच्याकडून ही पद्धत सहज रूढ होऊ शकेल.

फार्मसीचालकांना आमची स्वतंत्र विनंती आहे. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या घरगुती तपासणी संचास मान्यता मिळाली आणि तपासणी थेट औषधदुकानाच्या फळीवर आली. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत अशा संचांच्या विक्रीची नोंद ठेवण्यास दुकानदारांना सांगण्यात आले, कारण घरी आलेला निकाल कोणाच्याच नोंदीत येत नव्हता. असा संच विकताना तीन वाक्ये बोलावीत: लक्षणे असताना निगेटिव्ह आला तर पुन्हा तपासा, पट्टी दिलेल्या वेळेतच वाचा, नंतर नाही, आणि धाप लागली तर संच बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा. ही तीन वाक्ये मराठीत, आणि शक्य तेथे वारलीतही, सांगावीत. संच उन्हाच्या बाजूच्या कपाटात ठेवू नयेत व मुदत पाहूनच द्यावेत. ग्राहक ‘निगेटिव्ह आला, आता खोकल्याचे काही द्या’ असे म्हणाला, तर बाटली देण्यापूर्वी ‘किती दिवस झाले?’ एवढे विचारण्यास पैसे पडत नाहीत.

संघटनेच्या तालुका शाखांनी वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, उपजिल्हा रुग्णालयातील वा ग्रामीण रुग्णालयातील प्रयोगशाळा तंत्रज्ञांना बोलावून नमुना योग्य रीतीने कसा घ्यावा व अहवाल कसा वाचावा याचे प्रात्यक्षिक ठेवावे, अशी आमची सूचना आहे. आपण ज्या कागदावर विसंबतो तो कसा तयार होतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले बरे. त्याचबरोबर आपल्या स्वतःच्या परीक्षणपद्धतींचे माप घेण्याचा लहानसा प्रयत्नही शाखा पातळीवर करता येईल: दोन वैद्य, तेच वीस रुग्ण, वेगवेगळ्या खोल्या, आणि नोंदी बंद लिफाफ्यात. जे हाती येईल ते याच अंकात छापावे, अनुकूल असो वा प्रतिकूल.

त्या तरुणाची प्रकृती आता उत्तम आहे. तो अजून उंबरगावलाच कामास जातो आणि पावसाळ्यात सर्दी झाली की आमच्याकडेच येतो. मागच्या खेपेस त्याने सवयीने खिशातून कागद काढला. आम्ही तो घेतला, बाजूला ठेवला, आणि आधी त्याचा श्वास मोजला.